टीएमटीचा अहवाल कसा वाचावा आणि ब्लॉकेज पुन्हा आढळल्यास काय करावे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरात वडिलांची आणि नात्यातील इतरांची हृदयरोगाची फाईल मीच सांभाळत आलो आहे. या काळात पाहिलेल्या बहुतेक घरांत टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याच्या चाचणीचा, अहवाल हातात पडला की थेट शेवटची ओळ वाचली जाते. तेथे ‘निगेटिव्ह’ असेल तर गोळ्या सुटतात, आणि ‘पॉझिटिव्ह’ असेल तर त्याच रात्री बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेला स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवण्यासाठी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. या दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. रक्तवाहिनी किती टक्के बंद आहे, हे टीएमटी सांगत नाही. किती श्रम झाल्यावर हृदयाला रक्त कमी पडू लागते, एवढेच ती सांगते. हा फरक मनात धरून पुढील टप्पे दिलेल्या क्रमाने घ्यावेत.

सावधान : बसल्या जागी छातीत दडपण येत असेल, घाम फुटत असेल, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, अथवा आधीचे दुखणे दोन-चार दिवसांत एकाएकी वाढले असेल, तर टीएमटीची तारीख घेत बसू नये. अशा वेळी पट्ट्यावर चालणेच धोक्याचे असते. १०८ क्रमांकावर फोन करून जवळचे तालुका रुग्णालय गाठावे. कर्नाटकात डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेखाली तालुका रुग्णालयात ईसीजी काढून तो तज्ज्ञांकडे पाठवण्याची आणि गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस इंजेक्शन मोफत देण्याची सोय केलेली आहे. जांबोटी-कणकुंबीसारख्या आतल्या भागातून निघालेल्या रुग्णासाठी वाटेतील हा थांबा फार मोलाचा ठरू शकतो.

## टप्पा १ : चाचणी कोणत्या प्रश्नासाठी आहे, ते लिहून घ्या

डॉक्टरांनी चाचणी सांगितली की ती कशासाठी आहे, हे तेथेच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. नवा रुग्ण असेल तर आजार आहे की नाही हे पाहायचे असते. स्टेंट किंवा बायपास झालेला रुग्ण असेल तर चालू उपचार पुरेसा आहे का, हे पाहायचे असते. गोळ्या थांबवायच्या की चालू ठेवायच्या, हे याच उत्तरावर ठरते, त्यामुळे हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

आपल्याला साधी टीएमटी चालेल का, हाही प्रश्न याच वेळी विचारावा. विश्रांतीच्या ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवाटेतील अडथळा) असेल, पेसमेकर बसवलेला असेल, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल किंवा हृदयाची भिंत जाड झाल्याच्या खुणा असतील, तर श्रमानंतरच्या ईसीजीवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. गुडघ्यांमुळे चढावर चालता न येणाऱ्या आजींना पट्ट्यावर उभे करून तर काहीच हाती लागत नाही. अशांसाठी डोब्युटामिन हे ठोके वाढवणारे औषध देऊन केलेली स्ट्रेस इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा औषध देऊन केलेली स्ट्रेस थॅलियम (हृदयाच्या स्नायूला पोहोचणारे रक्त दाखवणारे स्कॅन) ही योग्य चाचणी असते.

कसलाही त्रास नसताना, केवळ आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये मिळते म्हणून टीएमटी करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला आजार असण्याची शक्यता मुळातच कमी आहे, त्याचा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल बहुधा खोटा निघतो. तरीही ते सिद्ध करण्यासाठी पुढच्या सगळ्या तपासण्या कराव्या लागतात.

## टप्पा २ : आदल्या दिवसाची तयारी

सर्वांत जास्त चुका येथेच होतात, आणि त्यातली पहिली चूक गोळ्यांची असते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचेही तसेच आहे. निदानासाठी चाचणी असेल तर डॉक्टर या गोळ्या साधारण २४ ते ४८ तास थांबवायला सांगू शकतात, आणि उपचाराची पारख करायची असेल तर चालूच ठेवायला सांगतात.

सावधान : बीटा-ब्लॉकर आपल्या मनाने बंद करू नये. ती गोळी एकदम थांबवल्यास नाडी व रक्तदाब उसळून छातीचे दुखणे वाढू शकते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर यांसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तर या चाचणीसाठी थांबवायच्याच नसतात. मधुमेहाच्या रुग्णाने त्या सकाळी इन्सुलिन किती घ्यायचे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

चाचणीच्या आधी सुमारे तीन तास जेवू नये, आणि तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट यांना हात लावू नये. औषध देऊन थॅलियम करायची असेल तर आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट बंद ठेवावे लागते. चहा सुटला नाही तर औषधाचा परिणामच होत नाही आणि चाचणी वाया जाते. अंगात सैल कपडे आणि पायात घट्ट बसणारे बूट असावेत. चप्पल घालून पट्ट्यावर चालता येत नाही, आणि अनवाणी चालणारा माणूस लवकर थांबतो.

तयारीचा दुसरा भाग म्हणजे त्रासाचे नेमके वर्णन, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आमचे वडील शेताकडून घरी येताना चढावर एका चिंचेपाशी थांबत. विचारले की म्हणत, “काय नाही रे, छातीत भरल्यागत होतंय, जरा दम खातो.” दवाखान्यात मात्र त्यांनी हाच त्रास ‘गॅस’ या एका शब्दात सांगितला, आणि कित्येक दिवस पित्ताच्या गोळ्या चालल्या. किती चालल्यावर, किती चढावर, जेवणानंतर की उपाशी असताना, थांबल्यावर किती मिनिटांत उतरते, हे सर्व मराठीत एका कागदावर लिहून न्यावे. समोरचे डॉक्टर कन्नड किंवा इंग्रजी बोलणारे असतील तर तो कागद दोन्हीपैकी एक भाषा येणाऱ्या माणसाकडून आधीच वाचून समजून घ्यावा. तपासणीच्या टेबलावर घाईत केलेल्या भाषांतरात ‘दडपण’ आणि ‘दुखणे’ यांतला फरक हरवतो.

तपासा : जुने ईसीजी, इको, अँजिओग्राफीचा अहवाल, स्टेंट कार्ड आणि चालू गोळ्यांची पाने पिशवीत आहेत का?

## टप्पा ३ : पट्ट्यावर

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात. तिच्यात दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर व १० टक्के चढ, दुसऱ्यात ४ किलोमीटर व १२ टक्के, आणि तिसऱ्यात ५.५ किलोमीटर व १४ टक्के चढ असतो. दांडी घट्ट धरून चालू नये. शरीराचा भार हातांवर गेला की चाललेली मिनिटे वाढतात, पण हृदयावर तेवढा ताण आलेलाच नसतो. छातीत दडपण, चक्कर किंवा पायात गोळे आले तर तत्काळ सांगावे, मुलांसमोर लाज वाटते म्हणून रेटू नये. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटे ईसीजी चालू ठेवतात. कधी कधी बदल त्या विश्रांतीच्या काळातच उमटतात, म्हणून वायर काढायची घाई करू नये.

## टप्पा ४ : अहवाल वाचण्याचा क्रम

शेवटची ओळ हाताने झाकून अहवाल वरून खाली वाचावा.

पहिल्यांदा वेळ आणि मेट्स. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणारा ऑक्सिजन. ब्रूसचा पहिला टप्पा पूर्ण केल्यास साधारण ५, दुसरा पूर्ण केल्यास ७ आणि तिसरा पूर्ण केल्यास १० मेट्स होतात. ईसीजीत बदल न होता १० मेट्स गाठणाऱ्याचे पुढील भवितव्य सहसा चांगले असते. ५ मेट्सच्या आतच थांबावे लागले असेल, तर ईसीजी स्वच्छ असला तरी ते दुर्लक्ष करण्याजोगे नसते. संपूर्ण अहवालात मी या आकड्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो, आणि नेमका हाच आकडा कोणी विचारत नाही.

दुसऱ्यांदा नाडी. २२० मधून वय वजा केले की अपेक्षित कमाल नाडी मिळते, आणि तिच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचणे हे चाचणीचे लक्ष्य असते. आमच्या नात्यातील एका ५८ वर्षांच्या काकांची कमाल नाडी १६२ आणि लक्ष्य १३८ होते. ते साडेचार मिनिटे चालले, पाय भरून आल्याने थांबले आणि त्यांची नाडी ११२ वरच राहिली. अहवालात मात्र ‘निगेटिव्ह’ छापलेले होते, आणि त्या शब्दावर विसंबून त्यांनी गोळ्या सोडल्या. वास्तविक तो अहवाल ‘अनिर्णित’ होता. त्यांच्या हृदयाला रक्त कमी पडावे एवढे श्रम झालेच नव्हते, मग कमी पडले नाही असे म्हणण्याला आधार कोणता? त्यांना दुसरी चाचणी करायला लावावी लागली. बीटा-ब्लॉकर चालू असताना केलेल्या चाचणीतही असेच घडते.

श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली, हेही पाहावे. १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली असेल तर ती चांगली खूण नव्हे.

तिसऱ्यांदा रक्तदाब. श्रमाबरोबर वरचा रक्तदाब वाढत जायला हवा. तो सुरुवातीच्या आकड्यापेक्षा १० किंवा अधिक मिलिमीटरने खाली गेला आणि जोडीला छातीचे दुखणे किंवा ईसीजीतील बदल असतील, तर मुख्य रक्तवाहिनीत किंवा एकाच वेळी अनेक रक्तवाहिन्यांत अडथळा असण्याची शंका घ्यावी लागते.

चौथ्यांदा त्रास. छातीचे दुखणे आले का, आणि त्या दुखण्यामुळेच थांबावे लागले का, ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत. धाप, पाय दुखणे किंवा केवळ थकवा हे थांबण्याचे कारण असेल तर तेही लिहिलेले असते.

पाचव्यांदा ईसीजी. ईसीजीच्या रेषेतील एसटी नावाचा भाग १ मिलिमीटर किंवा अधिक खाली गेला आणि तो सरळ किंवा खाली उतरता असेल, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. तो वर चढत जाणारा असेल तर त्या खुणेला तेवढे वजन नसते. बदल कितव्या मिनिटाला सुरू झाला, किती लीडमध्ये (ईसीजीच्या किती रेषांत) दिसला आणि विश्रांतीत किती वेळ टिकला, हे मिलिमीटरइतकेच महत्त्वाचे आहे. दोनच मिनिटांत उमटून विश्रांतीतही बराच वेळ रेंगाळणारा बदल आणि नवव्या मिनिटाला उमटून लगेच पुसला जाणारा बदल, यांत मोठे अंतर आहे. एसटी भाग वर उचललेला दिसला तर ती तातडीची बाब समजावी.

यांतील तीन गोष्टी एकत्र करून ड्यूक स्कोअर काढतात. ब्रूस पद्धतीत चाललेल्या मिनिटांतून एसटी बदलाच्या मिलिमीटरची पाचपट वजा करावी. त्यानंतर दुखणे आले पण चालत राहता आले तर ४, दुखण्यामुळे थांबावे लागले तर ८ वजा करावे. ७ मिनिटे, २ मिलिमीटर आणि न थांबवणारे दुखणे असेल, तर ७ वजा १० वजा ४, म्हणजे उणे ७. उत्तर ५ किंवा अधिक आल्यास धोका कमी, उणे १० ते ४ या दरम्यान मध्यम आणि उणे ११ किंवा त्याखाली जास्त मानतात. म्हणजे दोन माणसांचे अहवाल ‘पॉझिटिव्ह’ असूनही एकाला गोळ्यांवर थांबता येते आणि दुसऱ्याला आठवड्याच्या आत अँजिओग्राफी करावी लागते.

तपासा : लक्ष्य नाडी गाठली का, किती मेट्स झाले, आणि थांबण्याचे कारण काय, ही तीन उत्तरे सापडल्यावरच शेवटच्या ओळीवरचा हात काढावा.

## टप्पा ५ : निष्कर्षाला किती वजन द्यावे

साधी टीएमटी लक्षणीय ब्लॉकेज असलेल्या तिघांपैकी साधारण एकाला निसटू देते, आणि ब्लॉकेज नसलेल्या दर चार-पाच जणांत एकाला पॉझिटिव्ह ठरवते. स्त्रियांमध्ये खोट्या पॉझिटिव्हचे प्रमाण आणखी जास्त असते. शिवाय हार्ट अटॅक पुष्कळदा निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या जागी चरबीचा थर फाटून, त्यावर गुठळी बसल्याने येतो. अशी जागा रक्तप्रवाह अडवत नसल्यामुळे टीएमटीला ती दिसूच शकत नाही. म्हणून निगेटिव्ह अहवालानंतरही साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचे उपचार सोडता येत नाहीत.

थॅलियमच्या अहवालात दोन शब्द शोधावेत. ‘रिव्हर्सिबल’ म्हणजे श्रमाच्या वेळी रक्त कमी पडते पण स्नायू जिवंत आहे, आणि ‘फिक्स्ड’ म्हणजे बहुधा जुन्या अटॅकचा व्रण. हृदयाच्या स्नायूचा १० टक्क्यांहून अधिक भाग रिव्हर्सिबल असेल तर ती बाब गंभीर मानतात.

अँजिओग्राफीत साधारणतः ७० टक्क्यांहून अधिक, आणि लेफ्ट मेन या मुख्य रक्तवाहिनीत ५० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा लक्षणीय मानला जातो. मात्र ही टक्केवारी डोळ्यांच्या अंदाजाने ठरवलेली असते. ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यानच्या ब्लॉकेजमध्ये एफएफआर ही दाब मोजण्याची तपासणी करता येते, आणि तिचा आकडा ०.८० किंवा खाली असेल तर तो अडथळा खरोखर रक्त अडवतो आहे असे समजतात. इस्केमिया या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. स्ट्रेस चाचणीत मध्यम किंवा तीव्र दोष असलेल्या, पण स्थिर प्रकृतीच्या या रुग्णांत सुरुवातीलाच स्टेंट वा बायपास केल्याने मृत्यू आणि अटॅक एकूण कमी झाले नाहीत. छातीचे दुखणे मात्र अधिक कमी झाले. लेफ्ट मेनचे रुग्ण आणि अस्थिर रुग्ण या अभ्यासात नव्हते. प्रकृती स्थिर असेल तर एका रात्रीत निर्णय घेण्याची गरज नसते, एवढे यावरून निश्चित सांगता येते.

## टप्पा ६ : ‘पुन्हा ब्लॉकेज’ म्हणजे नेमके कोठे?

स्टेंट बसवलेल्या माणसाला पुन्हा त्रास झाला की ‘स्टेंट फेल गेला’ असे सरसकट म्हटले जाते. अँजिओग्राफीचा अहवाल हाती आल्यावर पहिला प्रश्न एकच विचारावा : नवा अडथळा जुन्या स्टेंटच्या आत आहे, त्याच्या कडेला आहे, की वेगळ्याच जागी आहे?

स्टेंटच्या आत पेशींची वाढ होऊन वाट अरुंद झाली असेल तर तो रेस्टेनोसिस. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये याचे प्रमाण २० ते ३० टक्के होते आणि ते बहुधा पहिल्या वर्षातच दिसे. आताच्या औषधी स्टेंटमध्ये ते १० टक्क्यांच्या खाली आले आहे, पण काहींना काही वर्षांनी स्टेंटच्या आत नव्याने चरबीचा थर साचतो. स्टेंटमध्ये एकाएकी गुठळी बसणे ही पूर्णपणे निराळी आणि जिवावरची घटना आहे. ती हार्ट अटॅक म्हणूनच येते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मुदतीआधी थांबवणे हे तिचे एक ठळक कारण आहे. दुसऱ्या रक्तवाहिनीत नवा अडथळा आला असेल तर त्यात स्टेंटचा दोष नसतो, मूळ आजार पुढे सरकलेला असतो. बायपासच्या बाबतीत पायातून काढलेल्या शिरांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत निकामी होतात, तर छातीतील धमनीचा जोड दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत चालू असतो.

स्टेंटनंतर साधी टीएमटी पॉझिटिव्ह आली तरी दोष कोणत्या रक्तवाहिनीत आहे, हे एसटीच्या बदलावरून सांगता येत नाही. म्हणून अशा रुग्णांत स्ट्रेस इको किंवा थॅलियम अधिक उपयोगी ठरते. त्रास नसताना दरवर्षी केवळ खात्रीसाठी चाचणी करण्याचा फायदाही दिसलेला नाही. दक्षिण कोरियात १,७०६ जास्त जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्टेंटनंतर एका वर्षाने ठरवून चाचणी केलेल्यांची स्थिती दोन वर्षांच्या अखेरीस इतरांपेक्षा चांगली आढळली नाही.

## टप्पा ७ : दुसऱ्या स्टेंटआधी पहिल्याचे कारण

अडथळा पुन्हा का आला, याचे उत्तर मिळाल्याशिवाय त्याच जागी दुसरा स्टेंट बसवण्यास होकार देऊ नये. अटॅक चालू असेल तर अर्थातच ही चर्चा नंतर करावी. डॉक्टरांना विचारावे की आयव्हीयूएस किंवा ओसीटी या रक्तवाहिनीच्या आतून पाहण्याच्या तपासणीत पहिला स्टेंट पूर्ण उघडलेला दिसतो का. तो अर्धवट उघडलेला असेल तर आधी तो नीट फुलवावा लागतो. रेस्टेनोसिससाठी औषध लावलेला फुगा किंवा नवा औषधी स्टेंट असे पर्याय असतात, आणि एकच जागा पुनःपुन्हा बंद होत असेल, त्यातही मधुमेह आणि अनेक रक्तवाहिन्यांत अडथळे असतील, तर बायपासचा विचार प्रामाणिकपणे करावा लागतो.

उरलेली कारणे घरात शोधायची असतात. प्रकृती स्थिर असताना बसवलेल्या स्टेंटनंतर दोन रक्त पातळ गोळ्या साधारण ६ महिने, आणि अटॅकनंतर १२ महिने चालतात. नेमकी मुदत आपल्या डॉक्टरांची. दात काढण्यासाठी कोणी गोळी थांबवायला सांगितले तर थांबवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करावा. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली, आणि दोन वर्षांच्या आत दुसरा झटका आला असेल तर ४० च्या खाली नेण्याचा विचार करावा. आपल्याकडे ते ९५ असले तरी प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत बसते म्हणून ‘नॉर्मल’ समजून स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध बंद केले जाते. ती छापील मर्यादा निरोगी माणसासाठी आहे, स्टेंट असलेल्यासाठी नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू हा घराघरांतला रोजगार आहे, म्हणून त्याविषयी बोलताना लोक संकोचतात. पण स्टेंटनंतरही तोंडात तंबाखू राहणार असेल तर वरील गोळ्यांनी होणारे काम अर्धवटच राहते.

## टप्पा ८ : सीमेपलीकडे दुसरे मत घेताना

आपल्या भागातील रुग्ण अँजिओग्राफी बेळगावला करतो, मत कोल्हापूरला घेतो आणि तपासण्या गावातल्या प्रयोगशाळेत करतो. यात कागद विखुरतात. वडिलांना दुसऱ्यांदा त्रास झाला तेव्हा आम्ही छापील अहवाल घेऊन कोल्हापूर गाठले आणि अँजिओग्राफीची सीडी घरच्या ट्रंकेत राहिली. सीडीशिवाय टक्केवारीच्या नुसत्या शब्दांवर कोणताही चांगला डॉक्टर निर्णय देत नाही, म्हणून संपूर्ण फेरा पुन्हा करावा लागला. सीडीची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि ती घरच्या संगणकावर उघडते याची खात्री करावी. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेतून नियोजित उपचार घ्यायचा असेल तर सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते का आणि राज्याबाहेरचे रुग्णालय चालेल का, हे दाखल होण्याआधी विचारावे.

फाईलच्या सर्वांत वर एकच पान ठेवावे. त्यावर स्टेंटची तारीख, रक्तवाहिनीचे नाव, स्टेंटचा व्यास व लांबी, प्रत्येक टीएमटीची मिनिटे, मेट्स आणि कमाल नाडी, दर तपासणीतले एलडीएल व एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि शेवटच्या रकान्यात रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांतला त्रास असावा. आमच्या वडिलांच्या पानावर त्या रकान्यात स्टेंटनंतर सात महिने ‘चढ न थांबता’ एवढेच लिहिलेले आहे, आणि आठव्या महिन्यात ‘चिंचेच्या अलीकडेच थांबलो’. डॉक्टरांनी त्या दिवशी पानावरची हीच ओळ सर्वांत आधी वाचली आणि लगेच अँजिओग्राफी लिहून दिली.